एल्फिन्स्टन : एक आडनाव, अनेक पदव्या
(ब्रिटिश वंशपरंपरागत पदव्यांच्या इतिहासाचा एक अभ्यास)

प्रस्तावना

मुंबई इलाख्याच्या इतिहासाचे अध्यापन करताना 'एल्फिन्स्टन' या नावाशी प्राध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा वारंवार संबंध येतो. खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट, दख्खनचा कमिशनर, मुंबईचा गव्हर्नर, मुंबईतील महाविद्यालय, १८५७च्या उठावाच्या वेळचा गव्हर्नर, काबूलहून माघार घेणाऱ्या सैन्याचा सेनापती, मुंबईतील एके काळचे रेल्वे स्थानक. या सर्वांशी हेच नाव निगडित आहे. परिणामी उत्तरपत्रिकांत, लोकप्रिय लेखनात आणि काही वेळा संदर्भग्रंथांतूनही या सर्व व्यक्तींचे मिश्रण होऊन 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' नावाची एकच व्यक्ती उभी राहते. अशी व्यक्ती इतिहासात कधीही नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा लॉर्डही नव्हता आणि 'सर'ही नव्हता.

ही चूक केवळ संबोधनाची असती, तर तिच्यासाठी स्वतंत्र लेखाची आवश्यकता नव्हती. परंतु या चुकीच्या मुळाशी ब्रिटिश वंशपरंपरागत पदव्यांच्या स्वरूपाविषयीचा गैरसमज आहे. पदवी ही घराण्याची असते, आडनाव एक म्हणजे मान एक, असे आपण आपल्या सामाजिक अनुभवावरून गृहीत धरतो. ब्रिटिश व्यवस्थेत मात्र पदवी आडनावाबरोबर चालत नाही. ती एका ठरावीक वंशरेषेने, एका वेळी एकाच व्यक्तीकडे जाते. प्रस्तुत निबंधात एल्फिन्स्टन या एकाच आडनावाच्या लोकांना मिळालेल्या विविध पदव्यांचा इतिहास मांडून हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे आणि व्याप्ती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) एल्फिन्स्टन आडनावाच्या प्रमुख वंशपरंपरागत पदव्यांची उत्पत्ती, प्रवास आणि शेवट यांचा आढावा घेणे. (२) या पदव्यांच्या वारसा-नियमांचा आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश सेवेचा परस्परसंबंध तपासणे. (३) महाराष्ट्रातील वारसा-कल्पनांशी या व्यवस्थेची मर्यादित तुलना करणे. (४) मुंबईतील 'एल्फिन्स्टन' या नावामागील व्यक्तींची निश्चिती करणे. एल्फिन्स्टन घराण्याची संपूर्ण वंशावळ देणे हा या निबंधाचा हेतू नाही.

पदवी आणि संबोधन : काही मूलभूत संकल्पना

ब्रिटनमधील उमरावांच्या पदव्यांची उतरंड ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी आहे. स्कॉटलंडमध्ये बॅरनच्या दर्जाची पदवी 'लॉर्ड ऑफ पार्लमेंट' या नावाने ओळखली जाते. यांच्याखालोखाल 'बॅरनेट' ही पदवी येते. पहिला जेम्स याने १६११ मध्ये ती सुरू केली. बॅरनेट हा वंशपरंपरागत असला तरी उमराव गणला जात नाही आणि त्याला 'लॉर्ड' नव्हे तर 'सर' असे संबोधले जाते. 'नाइट' हाही 'सर' असतो. परंतु त्याचा मान त्याच्याबरोबरच संपतो.

उमरावाच्या हयातीत त्याचे पुत्र कायद्याच्या दृष्टीने सामान्यजनच असतात. बॅरनच्या किंवा स्कॉटिश लॉर्डच्या मुलांच्या नावापूर्वी 'ऑनरेबल' हे सौजन्यदर्शक विशेषण लावले जाते. यापलीकडे त्यांना पदवी नसते. ड्यूक आणि मार्क्विस यांच्या कनिष्ठ पुत्रांना मात्र व्यक्तिनावापूर्वी 'लॉर्ड' लावण्याचा शिष्टाचार आहे. लॉर्ड विल्यम बेंटिंक हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. तो पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा दुसरा मुलगा होता. म्हणून त्याच्या बाबतीत 'लॉर्ड' या शब्दानंतर व्यक्तिनाव येते. एल्फिन्स्टन घराण्यात ड्यूक किंवा मार्क्विस कधीच नव्हता. त्यामुळे 'लॉर्ड एल्फिन्स्टन' हे संबोधन शुद्ध आहे, पण ते एका वेळी एकाच पदवीधारकासाठी आहे. 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' हे रूप या व्यवस्थेत संभवतच नाही.

मूळ पदवी : लॉर्ड एल्फिन्स्टन, १५१०

एल्फिन्स्टन हे मुळात स्थळनाम आहे. स्कॉटलंडच्या ईस्ट लोथियन परगण्यात ट्रॅनेंटजवळ या नावाचे गाव असून त्यावरून हे आडनाव आले. या आडनावाची इतिहासातील पहिली मोठी व्यक्ती पदवीधारी उमराव नव्हती, तर धर्मगुरू होती. ॲबर्डीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन याने १४९५ मध्ये तेथील विद्यापीठाची स्थापना केली. वंशपरंपरागत पदवीचा इतिहास त्यानंतर सुरू होतो. चौथा जेम्स या स्कॉटलंडच्या राजाने १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टन याला लॉर्ड एल्फिन्स्टन ही पदवी दिली. तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत राजा आणि त्याचा हा नवा उमराव दोघेही मारले गेले. दुसरा लॉर्ड एल्फिन्स्टन १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत कामी आला. पदवीच्या पहिल्या दोन्ही धारकांनी तिची किंमत रणांगणावर चुकवली, असे म्हणता येईल.

हीच पदवी आजपर्यंत अखंड चालत आली आहे. मात्र तिच्या सोबतीने याच आडनावाच्या अन्य व्यक्तींना वेगळ्या पदव्या मिळाल्या आणि त्यांचे भवितव्य मूळ पदवीपेक्षा फार निराळे ठरले.

बाल्मेरिनो आणि कूपर : राजद्रोहाने संपलेली शाखा

चौथा लॉर्ड एल्फिन्स्टन सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडचा कोषाध्यक्ष होता. त्याचा धाकटा भाऊ जेम्स हा राजाचा सचिव झाला आणि १६०४ मध्ये त्याला लॉर्ड बाल्मेरिनो ही पदवी मिळाली. पुढे त्याच्या मुलासाठी १६०७ मध्ये लॉर्ड कूपर ही आणखी एक पदवी निर्माण झाली. कनिष्ठ पुत्राला ज्येष्ठाची पदवी मिळत नसली, तरी राजसेवेच्या बळावर तो स्वतःची नवी पदवी मिळवू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण राजसेवेतून मिळालेले राजरोषातून जाऊही शकते. पोपला पाठविलेल्या एका पत्रावर राजाची सही फसवून घेतल्याच्या आरोपावरून पहिल्या लॉर्ड बाल्मेरिनोला १६०९ मध्ये देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. ती अमलात आली नाही. दुसऱ्या लॉर्डलाही पहिल्या चार्ल्सच्या धार्मिक धोरणाविरुद्धच्या अर्जाच्या प्रकरणात मृत्युदंड सुनावला गेला आणि नंतर माफी मिळाली. सहावा लॉर्ड आर्थर मात्र वाचला नाही. १७४५च्या जेकोबाइट उठावात स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने तो सामील झाला होता. जानेवारी १७४६ मध्ये भावाच्या मृत्यूमुळे त्याला पदवी मिळाली आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. पदवी त्याच्याकडे जेमतेम सात महिने राहिली. त्याच्याबरोबर बाल्मेरिनो आणि कूपर या दोन्ही पदव्या जप्त झाल्या. तथापि याच आडनावाच्या लॉर्ड एल्फिन्स्टन या मूळ पदवीला या शिक्षेमुळे कोणतीही बाधा पोहोचली नाही. एका शाखेचा अपराध दुसऱ्या शाखेच्या पदवीला चिकटत नाही, कारण पदवी आडनावाची नसते.

व्हायकाउंट कीथ : कन्येच्या वारशाचा प्रश्न

दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा पाचवा मुलगा जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन याने आरमारात नाव कमावले. १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेणाऱ्या मोहिमेत त्याचा प्रमुख वाटा होता. १७९७ मध्ये त्याला आयर्लंडची बॅरन कीथ ही पदवी मिळाली. १८०१ आणि १८०३ मध्ये युनायटेड किंग्डमच्या दोन बॅरन पदव्या आणि १८१४ मध्ये व्हायकाउंट कीथ ही पदवी मिळाली. आरमारी पराक्रमाने कनिष्ठ पुत्राने ज्येष्ठ शाखेपेक्षा वरचा दर्जा गाठला.

एकाच व्यक्तीला एकाच नावाच्या इतक्या पदव्या का द्याव्यात, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. त्याचे उत्तर वारशाच्या अटींत आहे. पदवी देताना राजसनदेत ती कोणाकडे जाईल हे नमूद केलेले असते आणि सर्वसाधारणपणे ती पुरुष वंशजांपुरती मर्यादित असते. कीथला पुत्र नव्हता. मार्गारेट ही कन्या होती. म्हणून १७९७ आणि १८०३ च्या सनदांत तिच्याकडे पदवी जाण्याची खास तरतूद केली गेली. १८२३ मध्ये कीथ वारला, तेव्हा व्हायकाउंट ही पदवी व १८०१ ची बॅरन पदवी त्याच्याबरोबर संपुष्टात आल्या. उर्वरित दोन मार्गारेटकडे गेल्या आणि १८६७ मध्ये तिच्या मृत्यूनंतर पुरुष वारसाअभावी त्याही संपल्या. मार्गारेटकडे मातुल वंशाकडून नेर्न ही स्कॉटिश पदवीही आली होती. ती स्त्रीवंशाने जाऊ शकत असल्याने तिच्या एमिली या कन्येकडे गेली. एमिलीचा विवाह लॅन्सडाउनच्या चौथ्या मार्क्विसशी झाला होता आणि त्यांचाच पुत्र पाचवा मार्क्विस १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. म्हणजे एल्फिन्स्टन रक्ताचा एक वंशज व्हाइसरॉय झाला, पण त्याच्या नावात एल्फिन्स्टन हा शब्द नव्हता. आडनाव एकीकडे आणि रक्तसंबंध दुसरीकडे, हे या व्यवस्थेत अपवादात्मक नाही.

बॅरनेट एल्फिन्स्टन

'एल्फिन्स्टन बॅरनेट' असा उल्लेख ग्रंथांत आढळतो, तेव्हा तो एका पदवीचा नसतो. या आडनावासाठी बॅरनेट पदवी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या व्यक्तींना दिली गेली. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया वसाहतीसाठी निधी उभारण्याच्या हेतूने पहिल्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, १६२५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये नोव्हा स्कॉशियाच्या बॅरनेट पदव्या सुरू झाल्या. त्यांपैकी एक १६२८ मध्ये एका विल्यम एल्फिन्स्टनला मिळाली. ती फार काळ टिकली नाही. दुसरी १७०१ मध्ये ॲबर्डीन परगण्यातील लॉगी येथील जेम्स एल्फिन्स्टन याला मिळाली. ही पदवी दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहून विसाव्या शतकात पुन्हा मान्य झाली. लॉगीची मालमत्ता मात्र मधल्या काळात विवाहसंबंधाने अन्य घराण्याकडे गेली होती. त्या घराण्याने डॅलरिंपल-हॉर्न-एल्फिन्स्टन असे जोडनाव घेतले आणि १८२८ मध्ये त्याला स्वतंत्र बॅरनेट पदवी मिळाली. याआधी १८१६ मध्ये हॉवर्ड एल्फिन्स्टन या लष्करी अभियंत्याला कंबरलंडमधील सॉवर्बी या स्थळनामासह बॅरनेट करण्यात आले होते.

पदवीच्या नावापुढे स्थळनाम जोडण्याचे कारण येथे स्पष्ट होते. आडनाव समान असल्यामुळे 'लॉगीचा', 'सॉवर्बीचा' असे म्हटल्याशिवाय कोणता बॅरनेट, हे कळत नाही. आपल्याकडे 'सांगलीकर पटवर्धन', 'जमखंडीकर पटवर्धन' असा भेद करावा लागतो, त्याच स्वरूपाची ही गरज आहे.

कनिष्ठ पुत्र आणि कंपनीची नोकरी

ज्येष्ठ पुत्राला सर्व मिळत असल्याने कनिष्ठ पुत्रांना चर्च, लष्कर, आरमार, वकिली किंवा ईस्ट इंडिया कंपनी यांपैकी एखादा मार्ग धरावा लागे. एल्फिन्स्टन घराण्याचे हिंदुस्थानाशी असलेले नाते बहुतांशी या मार्गाने जुळले. दहाव्या लॉर्डचा एक कनिष्ठ पुत्र विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन हा कंपनीचा संचालक व पुढे अध्यक्ष झाला. अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९) हा त्याचा पुतण्या. १७९६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, माउंटस्टुअर्ट कलकत्त्यास पोहोचला. कंपनीतील नेमणुका संचालकांच्या शिफारशीने होत असल्याने चुलत्याचे स्थान त्याला उपयुक्त ठरले.

यापुढील त्याची कारकीर्द मराठी वाचकांना परिचित आहे. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढायांच्या वेळी तो आर्थर वेलस्लीबरोबर होता. त्यानंतर नागपूरचा रेसिडेंट, १८०८–०९ मध्ये काबूलच्या राजाकडील वकील, १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असा त्याचा प्रवास झाला. १८२७ चे कायदे, ज्यांना 'एल्फिन्स्टन कोड' म्हटले जाते, ते याच काळातील. पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद त्याने दोनदा नाकारले आणि १८४१ मध्ये आपला हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

पदवीच्या दृष्टीने पाहता १८१३ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी त्याचा थोरला भाऊ, बारावा लॉर्ड, वारला. तेव्हा पुण्याच्या रेसिडेन्सीत बाजीराव दुसरा आणि त्याच्या सरदारांशी व्यवहार करणारा माउंटस्टुअर्ट तेहतीस वर्षांचा होता. पदवी गेली ती त्याच्या पुतण्याकडे, ज्याला अद्याप सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कर्तबगारी, वय किंवा अनुभव यांचा वारशाच्या या नियमाशी काहीही संबंध नव्हता. पेशवाईचे राज्य ताब्यात घेणारा हा अधिकारी स्वतःच्या घराण्यात अखेरपर्यंत पदवीहीन राहिला.

याच पिढीतील आणखी एका कनिष्ठ शाखेचा उल्लेख आवश्यक आहे. संचालक विल्यम फुलर्टनचा मुलगा मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन हा माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलतभाऊ. पहिल्या अफगाण युद्धात काबूल येथील ब्रिटिश सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि १८४२ च्या जानेवारीतील माघारीत ते सैन्य नष्ट झाले. तो स्वतः एप्रिल १८४२ मध्ये अफगाणांच्या कैदेत मरण पावला. काबूलला वकिलात घेऊन निघालेला आणि शाह शुजाला पेशावर येथे भेटलेला एल्फिन्स्टन वेगळा, आणि त्याच शाह शुजाला गादीवर टिकविण्याच्या प्रयत्नात काबुलात नामुष्की पत्करणारा एल्फिन्स्टन वेगळा. दोघांत तेहतीस वर्षांचे अंतर आहे.

तेरावा लॉर्ड आणि दुसरी पदवी

१८१३ मध्ये बालपणीच पदवी मिळालेला जॉन (१८०७–१८६०) हा तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन होय. तो १८३७ ते १८४२ मद्रासचा आणि १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. १८५७ च्या उठावात सातारा, कोल्हापूर आणि मुंबई शहर येथील हालचाली त्याच्याच कारकिर्दीत दडपल्या गेल्या. त्याच वर्षी १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि गव्हर्नर या नात्याने तो त्याचा पहिला कुलपती झाला. या सेवेबद्दल १८५९ मध्ये त्याला युनायटेड किंग्डमची 'बॅरन एल्फिन्स्टन' ही पदवी देण्यात आली.

आधीच साडेतीनशे वर्षांची लॉर्ड ही पदवी असलेल्या माणसाला त्याच नावाची आणखी एक पदवी का हवी होती, हा प्रश्न राज्यघटनेच्या इतिहासाशी संबंधित आहे. १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटलंडच्या सर्व उमरावांना लॉर्ड्सच्या सभागृहात आपोआप जागा नव्हती. ते आपल्यातून सोळा प्रतिनिधी निवडून देत. ही पद्धत १९६३ च्या कायद्यापर्यंत चालू होती. युनायटेड किंग्डमची पदवी मिळाली की निवडणुकीची गरज उरत नसे. म्हणजे १८५९ ची पदवी नावाने जुनीच वाटली, तरी तिने दिलेला राजकीय अधिकार नवा होता.

तो अधिकार फार काळ टिकला नाही. तेरावा लॉर्ड अविवाहित होता. जुलै १८६० मध्ये तो वारला आणि बॅरन ही नवी पदवी सुमारे चौदा महिन्यांत नष्ट झाली. तिची सनद त्याच्या स्वतःच्या वंशजांपुरती होती. १५१० ची पदवी मात्र पहिल्या लॉर्डच्या सर्व पुरुष वंशजांसाठी असल्याने ती चुलतभावाकडे, म्हणजे माउंटस्टुअर्टच्या दुसऱ्या भावाच्या मुलाकडे गेली. हा चौदावा लॉर्ड १८६१ मध्ये निपुत्रिक वारला. माउंटस्टुअर्ट आजन्म अविवाहित राहून नोव्हेंबर १८५९ मध्येच निवर्तला होता. त्यामुळे आता वारसा एक पिढी मागे जाऊन शोधावा लागला आणि तो संचालक विल्यम फुलर्टनच्या नातवाकडे पोहोचला. ज्या कनिष्ठ शाखेने कंपनीच्या नोकरीत आपले भवितव्य शोधले होते, तिच्याचकडे अखेर मुख्य पदवी आली. या पंधराव्या लॉर्डला १८८५ मध्ये पुन्हा बॅरन एल्फिन्स्टन ही पदवी मिळाली. ती १८५९ च्या पदवीचे पुनरुज्जीवन नसून स्वतंत्र निर्मिती होती. १९९४ मध्ये वारसा मिळालेल्या एकोणिसाव्या लॉर्डच्या नावात 'माउंटस्टुअर्ट' हे नाव अंतर्भूत आहे. पदवीने ज्याला कधी स्पर्श केला नाही, त्याचे नाव पदवीधारकाने धारण करावे, यातच खरी कीर्ती कोणाची हे दिसून येते.

वतन आणि पदवी : एक मर्यादित तुलना

महाराष्ट्रातील वारसाकल्पनेशी या व्यवस्थेची तुलना उद्बोधक ठरते. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण यांसारखी वतने भाऊबंदांच्या सामाईक मालकीची असत. त्यांच्या तक्षिमा पडत. वडील शाखेकडे वडीलपणाचा मानपान राही, परंतु धाकट्यांचा हक्क बुडत नसे. सरंजाम तत्त्वतः सेवेसाठी दिलेला असला तरी व्यवहारात त्याचेही विभाजन होई. मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानाच्या १८२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या संमतीने चार वाटण्या झाल्या. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. ज्याच्या स्वतःच्या घरात चार भावांपैकी एकालाच सर्व मान मिळाला, त्याच्याच कारभारात ही चौघांची वाटणी झाली, हा योगायोग विचारात घेण्याजोगा आहे.

दुसरा भेद दत्तकाचा. हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्र वंश चालवू शकतो; ब्रिटिश उमरावाच्या पदवीत दत्तकाला वारसा नाही. मिरजेच्या चार वाटण्यांपैकी दोन १८४२ आणि १८४५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून खालसा झाल्या आणि १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्यही खालसा करण्यात आले. या धोरणामागे राजकीय आणि आर्थिक हेतू होतेच. त्यांचा उगम केवळ ब्रिटिश उमरावांच्या वारसा-नियमांत शोधणे एकांगी ठरेल. तथापि, औरस पुरुष वारस नसेल तर पदवी नष्ट होते, ही गोष्ट ज्या समाजात स्वाभाविक मानली जात होती, त्या समाजातील राज्यकर्त्यांना वारसाअभावी राज्य नष्ट होणे तितकेसे अस्वाभाविक वाटले नसावे, असे अनुमान करता येते. माउंटस्टुअर्टला मात्र साताऱ्याबाबतचा हा निर्णय पसंत नव्हता, याची नोंद केली पाहिजे.

उलट दिशेचा प्रवाहही दिसतो. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांना बॅरनेट ही पदवी मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पदवी चालण्यासाठी स्थिर नाव हवे होते. त्यामुळे पुढे प्रत्येक वारसाने 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव धारण करावे, अशी तरतूद १८६० मध्ये कायद्याने करण्यात आली. एल्फिन्स्टनांच्या बाबतीत एका आडनावाखाली अनेक पदव्या निर्माण झाल्या. येथे एका पदवीसाठी नावच कायम करण्यात आले.

मुंबईतील नावे कोणाची?

वरील विवेचनाच्या आधारे मुंबईतील नावांची निश्चिती करता येते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे नाव माउंटस्टुअर्टचे आहे. १८२७ मध्ये तो मुंबई सोडून जात असताना शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी त्याच्या स्मरणार्थ वर्गणी जमवली आणि तिच्यातून अध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचे ठरले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे महाविद्यालय यांचा उगम त्यात आहे. किल्ल्याच्या परिसरातील एल्फिन्स्टन सर्कल आणि एल्फिन्स्टन रोड हे रेल्वे स्थानक ही नावे मात्र पुतण्याची, म्हणजे तेराव्या लॉर्डची होती. स्वातंत्र्योत्तर काळात सर्कलला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले; रेल्वे स्थानकाचे २०१८ मध्ये 'प्रभादेवी' असे नामांतर झाले.

या नामांतराच्या निमित्ताने महाविद्यालयाचा एल्फिन्स्टन आणि स्थानकाचा एल्फिन्स्टन एकच समजण्याची चूक अनेकांकडून झाली. कोणते नाव ठेवावे किंवा काढावे, हा समाजाचा अधिकार आहे आणि त्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु तो निर्णय घेणाऱ्या समाजाला आपण नेमके कोणाचे नाव ठेवतो किंवा काढतो आहोत, हे ठाऊक असले पाहिजे. शिक्षणाच्या पायाभरणीशी निगडित असलेला गव्हर्नर आणि १८५७ चा उठाव दडपणारा गव्हर्नर यांचे मूल्यमापन एकाच वाक्यात होऊ शकत नाही. पुतण्याच्या वाट्याला चुलत्याचे श्रेय आणि चुलत्याच्या वाट्याला पुतण्याचा दोष जाणे, हा दोघांवरही अन्याय आहे. त्याहून अधिक तो आपल्या इतिहासावर अन्याय आहे.

निष्कर्ष

१. एल्फिन्स्टन या एका आडनावाखाली लॉर्ड एल्फिन्स्टन, बाल्मेरिनो, कूपर, कीथ, दोनदा निर्माण झालेली बॅरन एल्फिन्स्टन आणि अनेक बॅरनेट पदव्या निर्माण झाल्या. त्यांची वंशरेषा, अटी आणि अखेर भिन्न आहेत.

२. पदवी आडनावाबरोबर नव्हे, तर सनदेतील अटींनुसार चालते. राजद्रोह, पुरुष वारसाचा अभाव किंवा सनदेची मर्यादा यांमुळे एक पदवी संपते, त्याच वेळी दुसरी टिकून राहते.

३. ज्येष्ठाधिकाराच्या नियमामुळे पदवीहीन राहिलेल्या कनिष्ठ पुत्रांनी हिंदुस्थानात या आडनावाला प्रसिद्धी मिळवून दिली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्यांत अग्रगण्य होय. त्याच्या नावापूर्वी 'लॉर्ड' किंवा 'सर' लावणे हे त्याचा गौरव नसून त्याच्या चरित्रातील महत्त्वाचे तथ्य झाकणे आहे.

४. मराठी इतिहासलेखनात आणि अध्यापनात ब्रिटिश अधिकाऱ्यांचा उल्लेख करताना व्यक्तिनाव, पदवी आणि कालखंड या तिन्हींची नोंद केली जावी. 'मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन' एवढाच उल्लेख अपुरा आहे, कारण असे गव्हर्नर दोन होते. पहिला १८२७ मध्ये मुंबई सोडून गेला; दुसरा सव्वीस वर्षांनी आला.

वर्गात विद्यार्थ्याने 'कोणता एल्फिन्स्टन?' असा प्रश्न विचारला, तर तो अडथळा न मानता इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात मानावी. त्या एका प्रश्नाचे नीट उत्तर देताना ब्रिटिश समाजरचना, कंपनीची नोकरभरती आणि आपल्याकडील वारसापद्धती या तिन्हींचा परिचय विद्यार्थ्याला करून देता येतो.